चाळीस पानांचा प्रबंध

१८ जून १९११ रोजी आपल्या इंदूरमध्ये भागवतांच्या घरी एक मुलगी जन्मली. घरात सोळा महिन्यांची एक मुलगी आधीच होती. थोरलीचं नाव दुर्गा, धाकटीचं कमला. थोरली पुढे दुर्गाबाई भागवत झाली. ‘ऋतुचक्र’, ‘पैस’, ‘व्यासपर्व’ ही नावं आपल्या मंडळात कुणालाही नवी नाहीत. धाकटी पुढे डॉ. कमला सोहोनी झाली आणि तिचं नाव मात्र सायन्सच्या मुलांनाही सांगावं लागतं. २०२३ साली गूगलने तिच्या जन्मदिवशी डूडल केलं, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

दोघी बहिणींचं शिक्षण इंदूरच्या बाहेर झालं, त्यामुळे या शहराने त्यांना घडवलं असं काही आपल्याला म्हणता येणार नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या वर्गांतसुद्धा आता प्रोजेक्ट आलाय, आणि विषय कोणता घ्यावा, गाईड कोण मिळेल, किती पानं भरली म्हणजे पुरे, याच गोष्टी सध्या कॅन्टीनमध्ये चाललेल्या असतात. अशा वेळी इंदूरात जन्मलेल्या या बाईंनी विद्यार्थिनी असताना संशोधन कसं केलं, हे वाचण्यासारखं आहे. त्या काळात विषय आणि गाईड यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागायचा, तो म्हणजे मुलीला लॅबमध्ये येऊ देतील का?

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही रसायनशास्त्रज्ञ. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, म्हणजे तेव्हा लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत त्या संस्थेतून, अगदी सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांपैकी ते होते. त्यामुळे घरात विज्ञानाचं वातावरण होतंच आणि मुलींनी शिकायचं की नाही, हा वादाचा विषय नव्हता. १९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एससी. झाली. रसायनशास्त्र मुख्य विषय, भौतिकशास्त्र दुय्यम, आणि यादीत नाव सगळ्यात वर. आता वडील आणि काका शिकले तिथेच जाऊन संशोधन करायचं, हे तिने गृहीतच धरलं होतं. तिने अर्ज केला आणि तो नामंजूर झाला.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले, आणि त्याच वर्षी संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले. नकाराचं कारण गुणांत नव्हतं, कारण गुणांत कमी काढण्यासारखं काही नव्हतंच. ती मुलगी होती, एवढंच कारण.

इथे बहुतेकांनी दुसरं कॉलेज शोधलं असतं. मुंबईत एम.एससी. करता आली असती. कमला मात्र बेंगळुरूला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. काळ सविनय कायदेभंगाचा होता. गांधीजींचा शब्द घरोघरी पोचलेला, आणि थोरली बहीण दुर्गा खादी अंगावर चढवून त्या चळवळीत उतरलेली. धाकटीने तेच शस्त्र संचालकांच्या ऑफिसपुढे वापरलं. मला प्रवेश का नाही याचं पटेल असं कारण द्या, नाहीतर मी इथून हलणार नाही, असा तिचा सत्याग्रह होता. विज्ञान शिकायला मिळावं म्हणून केलेला सत्याग्रह आपल्याकडे क्वचितच सापडेल.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी समजली जाणार नाही, प्रोबेशनवर राहील. काम पसंत पडलं तरच त्या वर्षाला मान्यता मिळेल. गाईड सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्याने लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आज वाचताना अंगाचा तिळपापड होतो. कमलाबाईंनाही ती लागली, आणि म्हातारपणी सत्काराच्या सभांमध्येसुद्धा त्या अपमानाविषयी त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या. अटी नाकारून परत गेल्या असत्या तर दार तसंच बंद राहिलं असतं, आणि एकदा आत शिरल्यावर मात्र बोलायचं काम त्यांच्या प्रयोगांना करता आलं असतं.

गाईड मिळाले श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण शिकवणारे. फक्त टेस्ट ट्यूब धुवून आणि आकडे टिपून संशोधन होत नाही, हे त्यांनी पहिल्यापासून बिंबवलं. जगात त्या विषयावर कोण काय करतंय ते वाचायचं, समजलं नाही तर थेट त्या शास्त्रज्ञाला पत्र टाकायचं. विशी नुकतीच ओलांडलेल्या मुलीने परदेशातल्या नामवंतांना पत्र लिहायचं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आपल्या हातात ईमेल असूनही आपल्यातले किती जण हे करतात?

विषय होता दूध, डाळी आणि शेंगा यांमधली प्रथिनं. म्हणजे हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाच्या ताटात प्रथिनं म्हणून जे काही पडतं तेवढंच. डाळ-भात, वरण-पोळी, आपल्याकडचे दाल-बाफले, या सगळ्यात माणसाला पोसणारं नेमकं काय आहे आणि किती आहे? डाळींच्या प्रथिनांवर तेव्हा आपल्याकडे फार थोडे लोक काम करत होते, कदाचित डाळ फारच घरगुती वाटत असेल म्हणून. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना काम पसंत पडलं आणि कमला नियमित विद्यार्थिनी झाली. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एससी. तिने विशेष प्रावीण्यासह मिळवली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर संस्थेने इतर मुलींनाही प्रवेश द्यायला सुरुवात केली. एका विद्यार्थिनीचं एका वर्षाचं काम चांगलं निघालं, म्हणून मागून येणाऱ्यांसाठी दार उघडलं.

पूर्ण उघडलं, असं मात्र म्हणता येत नाही. १९४० साली त्रावणकोरच्या अ‍ॅना मणी याच संस्थेत रामन यांच्या हाताखाली आल्या. हिरे आणि माणकं यांच्यावर प्रकाश टाकून त्यांनी वर्षानुवर्षं मोजमापं केली आणि १९४५ साली प्रबंध सादर केला. पण त्यांच्याकडे एम.एससी. नाही, या मुद्द्यावर मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. पुढे हवामानशास्त्रात त्यांनी एवढं नाव कमावलं की पदवीची उणीव कुणाला जाणवली नाही, पण तो प्रबंध पदवीविनाच राहिला.

कमलाबाईंची पुढची पायरी होती केंब्रिज. शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि १९३७ च्या अखेरीस त्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तिथली जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स यांची होती. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. प्रयोगशाळेत इतकी गर्दी की बसायला जागा नाही. तेव्हा डेरेक रिक्टर या शास्त्रज्ञाने आपलं टेबल दिवसा तिला दिलं आणि स्वतः रात्री काम केलं, असं सांगतात. बेंगळुरूत रात्री काम करायची अट तिच्यावर होती, इथे दुसऱ्या कुणीतरी तिच्यासाठी रात्र पत्करली.

रिक्टर तिथून गेल्यावर त्यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर काम सुरू केलं. हिल वनस्पतींवर काम करत. कमलाबाईंनी हाती घेतला बटाटा. प्रश्न असा होता की वनस्पतीची पेशी श्वास कशी घेते? प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींमध्ये सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिनं असतात. अन्न जाळून ऊर्जा मिळवताना पेशीत इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात, आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात तसे. सायटोक्रोम त्या रांगेतली माणसं. वनस्पतींमध्येही हीच रांग चालते का? बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशींमध्ये सायटोक्रोम ‘सी’ सापडलं, आणि पेशीच्या श्वसनात त्याचा भाग आहे हे त्यांनी दाखवलं. म्हणजे माळव्याच्या शेतातला बटाटा आणि तो खाणारा माणूस, दोघांच्या पेशी आत एकाच रीतीने श्वास घेतात. हिल आणि भागवत यांचा या विषयावरचा लेख १९३९ साली ‘नेचर’मध्ये आला.

त्यांचा प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा आणि काम झालं होतं सुमारे चौदा महिन्यांत. आपल्याकडे शंभर पानांची स्पायरल बाइंडिंग झाली नाही तर व्हायवाला जायची भीती वाटते, म्हणून हे दोन आकडे मुद्दाम सांगतेय. प्रश्न नेमका होता, उत्तर सापडलं होतं आणि ते मांडायला चाळीस पानं पुरली. केंब्रिजलाही ती पुरेशी वाटली. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

इथे दोन खुलासे करायला हवेत. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला असं त्यांच्याविषयी सर्रास लिहिलं जातं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ सालीच अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डी.एससी. मिळालेली होती. तेव्हा पीएच.डी. आणि डी.एससी. असा फरक करूनच हा मान सांगावा. दुसरं असं की, त्या काळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी नावापुरती मिळायची, विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व मिळायचं नाही. ते १९४८ साली मिळालं. म्हणजे टेबल दिलं, प्रबंध मान्य केला, पण बरोबरीची जागा द्यायला केंब्रिजलाही आणखी नऊ वर्षं लागली. दारं फक्त आपल्याकडेच बंद होती असं नाही.

त्याच वर्षी कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांच्याकडे आला. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहाय्यक संचालक झाल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने उभा राहत होता. त्या तिथे प्राध्यापक झाल्या आणि इथून गाईडच्या खुर्चीत बसल्या.

गाईड म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना जे विषय दिले ते बघण्यासारखे आहेत. त्यांनी तीन गोष्टी निवडल्या: डाळी आणि शेंगा, धान्याचं पीठ, आणि नीरा. तिन्ही गरिबाच्या पोटात जाणाऱ्या. डाळींमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं एन्झाइम. कच्ची डाळ खाल्ली तर तिच्यातलेच हे घटक प्रथिनांचं पचन रोखतात, आणि नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराचसा मोडतो. आजी डाळ का भिजवते आणि मऊ का शिजवते, याचा एक भाग इथे सापडतो. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यावर कितीतरी वर्षं काम करत राहिले.

नीरेचं काम राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं. नीरा म्हणजे ताड, शिंदी यांसारख्या झाडांचा ताजा गोड रस. ऊन चढलं की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. झाबुआ-अलीराजपूरकडून येणाऱ्या मित्रांना हे मी काय सांगावं! ताजी नीरा नुसतं गोड पाणी आहे की तिच्यात काही आहे, हा प्रश्न होता. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन केलेल्या तपासणीत नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात सापडलं. नीरेपासून केलेल्या गुळातही त्यातलं बरंच टिकतं, असं दिसलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाची प्रत टिकवण्याबाबत सल्ला दिला.

एवढं सगळं करूनही संस्थेचं संचालकपद त्यांच्यापर्यंत यायला चार वर्षं उशीर झाला. हक्काची खुर्ची अंतर्गत राजकारणात अडकली. बेंगळुरूच्या ऑफिसबाहेर उभी राहिलेली मुलगी आता नामांकित प्राध्यापक होती, तरी तिला पुन्हा थांबावंच लागलं. शेवटी ते पद मिळालं आणि त्यांनी ते सांभाळलं.

संशोधन त्यांनी लॅबपुरतं ठेवलं नाही. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, त्यात त्या होत्या. हळदीत काय मिसळलंय, तेलात कसली भेसळ आहे, हे सामान्य बाईला कळावं म्हणून ही धडपड. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत. मराठीत त्यांचं ‘आहारगाथा’ हे पुस्तक आहे. आयुष्याच्या अखेरीस दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार केला. तोवर देशाला त्यांची आठवण जवळजवळ राहिली नव्हती. १९९८ साली त्या गेल्या.

आता थोरल्या बहिणीकडे वळते, कारण आपलं मंडळ साहित्याचं आहे आणि प्रोजेक्ट म्हणजे सायन्सवाल्यांचं काम असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो. कमला बेंगळुरूत डाळींची प्रथिनं मोजत होती त्याच काळात दुर्गाबाईही विद्यार्थिनी म्हणून संशोधनच करत होत्या. त्यांचा विषय होता सुरुवातीच्या बौद्ध संघाचा कायदा. भिक्षूने चूक केली तर तिचा निवाडा कसा व्हायचा, शिक्षा कोण देणार, हे सगळं विनयाच्या ग्रंथांतून त्यांनी शोधून काढलं. तो ग्रंथ १९३९ साली, म्हणजे धाकटीच्या पीएच.डी.च्याच वर्षी, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या इतिहास संशोधन संस्थेच्या मालेत निघाला. ही संस्था स्पेनहून आलेले जेझुइट फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये उभी केली होती. एका कॅथलिक कॉलेजने एका हिंदू मुलीचा बौद्ध कायद्यावरचा अभ्यास छापला, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढे दुर्गाबाई पीएच.डी.साठी मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये फिरल्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आला आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून राहावं लागलं. त्या अभ्यासाला पीएच.डी.ची पदवी काही लागली नाही. पण जंगलात फिरताना जी लोककथा, जी गाणी आणि जी झाडं त्यांनी पाहिली, आणि मग आजारपणात एका जागी पडून जे ऋतू न्याहाळले, ते सगळं त्यांच्या पुढच्या लिखाणात उतरलं. १९५६ साली ‘ऋतुचक्र’ आणि ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ ही दोन्ही पुस्तकं आली. एका बहिणीला पदवी चौदा महिन्यांत मिळाली, दुसरीला मिळालीच नाही, आणि संशोधक मात्र दोघीही होत्या. शिवाय विज्ञानवालीने आहारावर लिहिलं तसं साहित्यवालीने ‘खमंग’ नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं. दोघींनाही स्वयंपाकघर अभ्यासाच्या बाहेरचं वाटलं नाही.

दोघींचं हे काम वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. विषय लांबून आणायची गरज त्यांना पडली नाही. डाळ, बटाटा, नीरा, गाणी, नियमांची जुनी पोथी, सगळं आजूबाजूलाच होतं. आपल्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ट्रिप्सिनला अडवणारा एक प्रमुख घटक नसलेलं सोयाबीनचं वाण तयार केलंय, एनआरसी १२७. कमलाबाईंचे विद्यार्थी डाळींत ज्या प्रकारचे घटक शोधत होते, त्याच जातीच्या घटकावर आज त्यांच्याच जन्मगावी काम चाललंय, आणि आपण कॉलेजला जाता-येता त्या गेटवरून बसने जातो.

म्हणून या वर्षी मंडळासमोर एक सूचना ठेवते. आर्ट्स आणि सायन्सच्या दोघा-दोघांनी मिळून एकेक प्रोजेक्ट घ्यावा. सराफ्यात थंडीत तळून मिळणारा गराडू घ्या. एकाने त्याचं पोषणमूल्य तपासावं, दुसऱ्याने तो विकणाऱ्या घरांच्या आठवणी आणि माळवीतले शब्द गोळा करावेत. ताडी घ्या, ज्वारी घ्या, नर्मदेकाठची एखादी भाजी घ्या. गाईडना आधीच भेटून ठेवा. ज्यांनी त्या विषयावर काम केलंय त्यांना बेधडक पत्र लिहा. आणि सांगण्यासारखं चाळीस पानांत संपलं, तर तिथेच थांबा.